गुळवेलीला मुदत हवी

गुळवेल हे आपल्याकडे तापाचे औषध होते. ताप रेंगाळला, तोंडाची चव गेली, अंगात कणकण राहिली की घरातले जाणते माणूस कुंपणावरून वीतभर कांडे तोडून आणायचे, ठेचून काढा करायचे आणि पाच-सात दिवस द्यायचे. ताप उतरला की काढा बंद. २०२० नंतर हे पालटले. कोरोनाच्या धास्तीने गुळवेल घरोघरी शिरली आणि साथ ओसरली तरी बाहेर पडली नाही. आज कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरून येणारी कितीतरी माणसे बारा महिने उपाशीपोटी गुळवेलीचा रस घेतात. चिकुनगुन्याने सांधे धरलेली माणसे महिनोन्‌महिने काढा पितात. मधुमेहाचे रुग्ण गोळीच्या जोडीला चूर्ण घेतात. कुणी हटकलेच तर उत्तर ठरलेले असते, ‘झाडपाला आहे, त्यानं काय होतंय?’

होते. क्वचित होते, पण होते, आणि ते कुणाला होण्याची शक्यता जास्त हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते. म्हणून गुळवेलीवर बंदी घाला म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही आणि गुळवेल म्हणजे अमृत, तिने कधी अपाय होतच नाही, असे सांगणाऱ्यांशी तर मुळीच नाही. गुळवेल औषध आहे. औषधाला ओळख लागते, माप लागते आणि मुदत लागते. यातली ओळख आणि माप कुठेकुठे अजून पाळले जाते. मुदत मात्र पार विसरली गेली आहे.

आधी काय घडले ते नीट पाहू. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते. ही नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गदारोळ उठला. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये आक्षेप घेतला की रुग्णांनी खाल्लेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री अभ्यासकांनी केलेली नाही. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद एकत्र प्रसिद्ध झाली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ त्यात ४६ दिवसांचा निघाला. बऱ्याच रुग्णांत यकृताच्या इजेचे रूप स्वप्रतिकार विकारासारखे होते, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच यकृतावर उलटलेली. मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सांगितले की खरी गुळवेल सुरक्षित आहे, घोटाळा होतो तो टिनोस्पोरा क्रिस्पा या तिच्या बहिणीमुळे.

दोन्ही बाजूंनी अर्धेच बोलले गेले असे माझे मत आहे. क्रिस्पाची भेसळ होऊ शकते, हे खरे. पण चुकीच्या वेलीचा युक्तिवाद सगळ्या रुग्णांना पुरत नाही. गुळवेल प्रतिकारशक्ती चाळवते, हाच तर तिचा गुण म्हणून सांगितला जातो. मग ज्याच्या शरीरात ही शक्ती आधीच वाट चुकलेली आहे, त्याच्यात ती चाळवली तर काय व्हावे? एका तोंडाने ‘ती प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणायचे आणि दुसऱ्या तोंडाने ‘तिचा शरीरावर वाईट परिणाम होऊच शकत नाही’ म्हणायचे, हे जमणार नाही. ज्यात गुण आहे त्यात जोखीम आहे.

उलट बाजूचेही तेच. चाळीस-पन्नास रुग्ण पाहून वनस्पतीच मोडीत काढायची म्हटले, तर क्षयरोगाची औषधे आपण कधीच बंद करायला हवी होती. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड या तिन्हींनी यकृताला त्रास होऊ शकतो हे जगजाहीर आहे. म्हणून कुणी ती बंद केली नाहीत. रुग्णाला आधी विचारतात, गरज पडेल तसे यकृताच्या तपासण्या करतात, लघवी गडद झाली तर लगेच या असे बजावतात. गुळवेलीला हाच मान द्यावा, एवढेच मागणे आहे.

आणि गुळवेलीच्या गुणांबद्दल बोलायचे तर मुंबईचाच दाखला आहे. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आगेमागे गुळवेलीवर काम केले. पित्तनलिका अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेआधी जंतुसंसर्गाचा धोका फार असतो. अशा तीसेक रुग्णांतल्या काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला गुळवेलीचा अर्क दिला, आणि त्यांच्यात रक्तात जंतुदोष होण्याचे प्रमाण कमी दिसले. रुग्णसंख्या लहान होती, पण काम नेटके होते. २००५ मध्ये ॲलर्जीच्या सर्दीच्या ७५ रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत गुळवेल घेणाऱ्यांच्या शिंका आणि नाक गळणे औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी झाले. म्हणजे एकाच वेलीने एका रुग्णाच्या अंगात बळ भरले आणि दुसऱ्याच्या यकृताला सूज आणली. यात विसंगती काही नाही. रुग्ण वेगळे होते, कारण वेगळे होते. केईएममध्ये मोजून, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली औषध दिले जात होते. रसाच्या टपरीवरच्या पेल्यात यातले काहीच नसते.

जुने ग्रंथही गुळवेल सरसकट प्यायला सांगत नाहीत. चरकाने तिला मेध्य, म्हणजे बुद्धीला बळ देणाऱ्या, रसायनांत घातले, वातरक्तात, म्हणजे गाउटसारख्या सांधेदुखीत, ती मुख्य मानली जाते, जीर्णज्वरात, म्हणजे रेंगाळलेल्या तापात, तर ती हवीच. पण ती कशासोबत द्यायची ते दुखण्यावर ठरते. वैद्यांच्या तोंडी असलेल्या श्लोकात तुपाबरोबर वातावर, गुळाबरोबर मलावरोधावर, खडीसाखरेबरोबर पित्तावर, मधाबरोबर कफावर, एरंडेलाबरोबर वातरक्तावर आणि सुंठीबरोबर आमवातावर असे सहा वेगवेगळे वापर आहेत. कोल्हापूरच्या माणसाला त्यातला गूळ तेवढा लक्षात राहतो, हे साहजिक आहे. मुद्दा असा की औषध कोणाला आणि कशासाठी हे ठरल्याशिवाय परंपरेत पुढचे पाऊलच पडत नाही.

यातला आमवात आज सर्वांत अवघड आहे. सांधे सुजून आखडणाऱ्या ज्या आजाराला आपण आमवात म्हणतो, त्यातल्या पुष्कळ रुग्णांचे आजच्या भाषेतले निदान संधिवाताभ, म्हणजे स्वप्रतिकार विकार असते. त्यांच्यातल्या अनेकांना मेथोट्रेक्सेट चालू असते. ते औषध प्रतिकारशक्ती आवरण्यासाठी देतात आणि त्याचाही भार यकृतावर पडतो. अशा माणसाने शेजाऱ्याच्या सल्ल्याने सुंठ-गुळवेलीचा काढा सुरू केला, तर एक औषध लगाम ओढते आणि दुसरे टाच मारते, आणि यकृत दोन्हींचा भार वाहते. ग्रंथातला श्लोक खरा धरूनही आजच्या रुग्णाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. हे वैद्यांनीच जाहीरपणे सांगायला हवे, कारण त्यांचे लोक ऐकतात.

आता ओळख. पान पाहून गुळवेल ओळखणे हा बहुतेक चुकांचा उगम आहे. हृदयाच्या आकाराची पाने असलेल्या वेली आपल्या बांधाकुंपणांवर कितीतरी. पावसाळ्यात कडू कारंद्याची वेल अशीच गर्द हिरवी चढते, तिच्या पानांच्या बेचक्यांत बटाट्यासारखे गड्डे लागतात, आणि तिच्या कंदात यकृताला इजा करणारी द्रव्ये असतात. पहाडवेलही गुळवेलीच्याच कुळातली. सह्याद्रीत पद्मगुळवेल म्हणून जवळची बहीण आहे, तिचे पान खालून मखमलीसारखे लवदार लागते. खऱ्या गुळवेलीचे पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते.

खात्री करायची ती खोडावर. अंगठ्याएवढे जाड कांडे घ्या. वरची साल करड्या-तपकिरी रंगाची, कागदासारखी पातळ असते. नखाने खरवडली की पापुद्रा निघतो आणि खाली ओली हिरवी कांती दिसते. सालीवर बारीक ठिपक्यांसारखे उंचवटे असतात. मोठमोठ्या गाठी, चामखिळी आल्यासारखे खोड असेल तर ती क्रिस्पा असण्याचा संशय घ्यावा. मग धारदार सुरीने कांडे आडवे कापा. कापलेल्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. यावरूनच तिला चक्रलक्षणिका हे नाव पडले. कापलेल्या जागी बोट लावले तर बुळबुळीत चिकटा लागतो, पांढरा चीक मात्र येत नाही. चीक आला तर ती वेल टाकून द्या, पुढची परीक्षा नकोच. जिभेला लावला की कडवटपणा लगेच जाणवतो आणि रेंगाळतो. फुलाफळांचा हंगाम असेल तर आणखी सोपे: गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या आणि पिकलेले फळ गोल, लालभडक, तर क्रिस्पाला तीन पाकळ्या आणि फळ लांबट, नारिंगी. वरून खाली लोंबणारी दोऱ्यांसारखी हवाई मुळे हीसुद्धा चांगली खूण आहे. तोडलेले कांडे या मुळांच्या जोरावर पुन्हा जगते, म्हणून ती छिन्नरुहा.

कडुनिंबावर चढलेलीच गुळवेल हवी, असा आग्रह हल्ली फार ऐकू येतो आणि ‘निंबावरची’ म्हणून जुडीचे पैसे जास्त घेतले जातात. शिरोळ, हातकणंगलेच्या कोरड्या बाजूला कडुनिंब मुबलक आहे. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडच्या मुसळधार पावसात तो क्वचितच दिसतो. तिकडची गुळवेल आंब्यावर, पांगाऱ्यावर, उंबरावर वाढते आणि तीही उत्तम असते. गुळवेल बांडगूळ नव्हे. तिची मुळे जमिनीत असतात, आधाराच्या झाडाचा रस ती शोषत नाही. काजऱ्यासारख्या विषारी झाडावरची घेऊ नये ही जुनी सावधगिरी पाळावी, त्यात तोटा काहीच नाही. पण निंबाच्या नावाखाली जादा पैसे मोजण्याइतके त्यात तथ्य नाही. निंबापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: ती वेल उसाच्या बांधावरची आहे का? उसात तणनाशक फवारताना बांधावर उडते. टू-फोर-डी या तणनाशकाचा वारा लागलेल्या वेलीची पाने पिळवटून अरुंद होतात, तेवढे तरी डोळ्याला दिसते. बाकीची फवारणी दिसत नाही. हमरस्त्याच्या कडेची वेल धूर आणि धूळ दोन्ही धरते. काढ्यासाठीची वेल परसातली, फवारणी न झालेली असावी.

माप सांगायचे तर काढ्याचा जुना नियम सरळ आहे. एक भाग भरडलेले द्रव्य, सोळा भाग पाणी, आणि आठवा भाग उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचे. वीस ग्रॅम ओली गुळवेल घेतली तर ३२० मिली पाणी आणि शेवटी उरतो ४० मिली काढा. वीस ग्रॅम म्हणजे बोटाएवढ्या जाडीचे साधारण चार-पाच बोटे लांब कांडे, पण डोळ्याच्या अंदाजावर न जाता एकदा काट्यावर तोलून पाहावे. ओली वनस्पती कोरडीच्या दुप्पट घ्यावी असा सर्वसाधारण संकेत आहे. गुळवेल त्याला अपवाद आहे. शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकाराने जी द्रव्ये ओलीच वापरावीत आणि दुप्पट करू नयेत असे सांगितले, त्यांत गुळवेल पहिली आहे. हे न कळल्यामुळे ‘ओली आहे, दोन मुठी टाका’ असे सर्रास होते. भांडे उघडे ठेवावे, स्टीलचे किंवा मातीचे असावे. काढा त्या दिवशीचा त्या दिवशी संपवावा. फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवलेला, आंबूस वास येणारा काढा हे औषध राहत नाही. रेंगाळलेल्या तापात वैद्य हिमही देतात: वीस ग्रॅम ठेचलेली वेल १२० मिली पाण्यात रात्रभर भिजत घालून सकाळी कुस्करून गाळायची, आच द्यायची नाही.

चूर्णाची औषधिकोशातली मात्रा दिवसाला तीन ते सहा ग्रॅम आहे. चहाचा सपाट चमचा म्हणजे दोन-तीन ग्रॅम. पोह्याचा शिगोशीग चमचा घेणारा माणूस एका दमात दिवसभराच्या वर जातो. ताज्या रसाची शास्त्रोक्त मात्रा अर्धा पल, म्हणजे पंचवीस मिलीच्या आत. टपरीवर तोच रस पेल्याने मिळतो. त्यात वेल किती, पाने किती, पाणी किती, आणि मिक्सरच्या भांड्यात कालचे काय उरले होते, हे पिणाऱ्याला माहीत नसते, बऱ्याचदा विकणाऱ्यालाही नसते.

याहून मोठा घोळ बेरजेचा आहे. सकाळी गुळवेलीचा रस, नाश्त्यानंतर घनवटी म्हणजेच संशमनी वटी, सांध्यांसाठी कैशोर गुग्गुळ, जेवणानंतर अमृतारिष्ट, शिवाय नातवाने आणलेले प्रतिकारशक्तीचे सिरप. पाचही गोष्टींत गुळवेल आहे. घनवटी दिसायला लहान असते, पण ती आटवलेल्या अर्काची असते, एका गोळीत काही ग्रॅम वाळलेल्या वेलीचा अर्क मावतो. प्रत्येक बाटली आपापल्या जागी मात्रेत असते. पाचांची बेरीज कुणी करत नाही.

वाळवण्यातही खोट राहते. पश्चिमेच्या तालुक्यांत पावसाळ्यात तोडलेली वेल अखंड कांड्याने वाळत घातली तर बाहेरून कोरडी आणि आतून ओली राहते, आठ दिवसांत आऱ्यांमधून काळपट बुरशी चढते. साल काढून बोटाच्या पेरभर लांबीचे तुकडे करावेत, ते उभे चिरावेत आणि सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरावेत. तुकडा वाकवल्यावर कट्‌कन मोडला तर वाळला. वाकून राहिला तर अजून आहे. तोडणी पानगळ झाल्यावर, माघ-फाल्गुनाच्या सुमारास करावी. त्या वेळी पाणी कमी आणि सत्त्व भरपूर असते. बुंध्याकडचा हात-दीड हात भाग राखून वर कापले की वेल पुन्हा फुटते. मुळापासून ओढून काढणारे मात्र वाढत चालले आहेत. परसात दोन-तीन डोळ्यांचे वीतभर कांडे ज्येष्ठात खोचले की पुढच्या-त्याच्या पुढच्या वर्षी घरची वेल हाताशी येते. ती कुठली, फवारलेली का, खरी का, हे तिन्ही प्रश्न मिटतात.

गुळवेल सत्त्वाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण फसवणूक सर्वांत जास्त तिथे आहे. किलोभर ताजी, बोटाएवढी जाड वेल घ्यायची, साल खरवडून तुकडे करायचे, खलबत्त्यात ठेचायचे. मिक्सर टाळावा, त्याने तंतू बारीक होऊन फडक्यातून खाली उतरतात आणि सत्त्व तपकिरी, चरचरीत होते. चौपट पाण्यात, म्हणजे चार लिटरमध्ये, रात्रभर भिजवायचे. सकाळी हाताने चांगले चोळायचे, पाणी बुळबुळीत आणि फेसाळ झाले पाहिजे. दुहेरी फडक्यातून गाळून चार-पाच तास भांडे न हलवता ठेवायचे. तळाशी पांढरट साका बसतो. वरचे हिरवट कडू पाणी हलकेच ओतून द्यायचे आणि साका ताटात पसरून वाळवायचा. उन्हाळ्यात भिजवण जास्त वेळ राहिली तर आंबते, मग साका बसतच नाही. एवढे करून हाती किती येते? किलोमागे वीस-तीस ग्रॅम, चाळीस आले तर फारच झाले. म्हणजे किलोभर सत्त्वाला पंचवीस ते पन्नास किलो वेल लागते. वेल, मजुरी आणि पाणी यांचा हिशेब मांडला की स्वस्तात मिळणारे पांढरेशुभ्र सत्त्व काय असेल हे कळते. मैदा, आरारूट, बटाट्याचा स्टार्च. काही जण आयोडीनचा थेंब टाकून दाखवतात, निळे झाले म्हणजे अस्सल. ही परीक्षा निरुपयोगी आहे. खरे सत्त्वही मुख्यतः स्टार्चच असते आणि तेही निळेच होते. फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, स्टार्चच्या कणांच्या आकारावरून. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागासारखा नावाजलेला विभाग ज्या शहरात आहे, तिथे सत्त्वाचा नमुना तपासून घेण्याची साधी सोय ग्राहकाला असायला हवी, आणि ती मागायला हवी.

मुदतीकडे वळू. कोरोनाकाळात केंद्र सरकारच्या आयुर्वेदविषयक उपचारपद्धतीत गुळवेल होती. घनवटी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा चूर्ण एक ते तीन ग्रॅम दोनदा, पंधरा दिवस किंवा महिनाभर, अथवा वैद्य सांगतील तसे. कागद फिरत फिरत लोकांपर्यंत पोहोचला तेव्हा गोळीचे नाव उरले आणि ‘पंधरा दिवस किंवा महिनाभर’ गळून पडले. महिना म्हणजे लक्ष्मणरेषा आहे, त्याच्या अलीकडे काहीच होत नाही, असेही नाही. ४६ दिवस हा मध्यक आहे, निम्म्या रुग्णांना त्याआधीच त्रास सुरू झाला. पण वर्षानुवर्षे रोज घेण्याला ना ग्रंथाचा आधार आहे, ना चाचणीचा. आठ आठवड्यांच्या चाचणीवरून आठ वर्षांची हमी काढता येत नाही.

ज्यांनी गुळवेल स्वतःहून घेऊच नये, त्यांची यादी मोठी नाही. संधिवाताभ, ल्यूपस, सोरायसिस, थायरॉइडचा स्वप्रतिकार विकार यांपैकी काही असलेले. मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण झालेले, ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत. यकृताचा जुना आजार किंवा रोजचे मद्यपान असलेले. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता. मधुमेही माणसाला ती पूर्ण वर्ज्य नाही, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना गुळवेल घेतली तर साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी यांना ‘औषध लागू पडतंय’ समजणारे लोक आहेत. डॉक्टरांना सांगून, साखर मोजत राहूनच ती घ्यावी. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद.

इतरांनी घेताना लक्ष ठेवायचे ते थकवा, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, अंगाला खाज, चहासारखी गडद लघवी आणि डोळ्यांत पिवळी झाक यांवर. यातले काही दिसले की त्याच दिवशी गुळवेल थांबवायची आणि रक्तातले एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन, म्हणजे यकृताची स्थिती, तपासून घ्यायचे. वेळेत थांबवले तर बहुतेकांचे यकृत सावरते, काहींना स्टेरॉइड द्यावे लागते. बरे वाटले म्हणून पुन्हा सुरू करणे सर्वांत धोक्याचे, दुसऱ्या वेळचा फटका जास्त जोराचा असू शकतो.

इथे आपल्या भागातली एक गोष्ट फार काळजीची वाटते. कावीळ म्हटले की गावोगावी झाडपाल्याचे औषध देणारे असतात आणि रुग्ण आधी तिकडे जातो. त्यांच्या औषधात बऱ्याचदा गुळवेल असते. ज्याच्या यकृताला गुळवेलीनेच सूज आली, त्याला काविळीवर पुन्हा गुळवेलच मिळते. डोळे आणखी पिवळे होतात, मग ‘औषध उशिरा सुरू केलं’ असे म्हणून मात्रा वाढवली जाते. हे कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. पहिला प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून होते.

यावर काही गोष्टी कोल्हापुरात करता येण्यासारख्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. बाजारात मोकळी गुळवेल विकणाऱ्याने जुडीला चिठ्ठी बांधावी: वनस्पतीचे नाव, खोड की पान, कुठल्या गावची, कधी तोडली. बाटलीबंद औषधाला परवाना आणि लेबल सक्तीचे आणि मोकळ्या जुडीला काहीच नाही, हा फरक पिणाऱ्याच्या पोटाला कळत नाही. रस विकणाऱ्यांच्या गाड्यावर महापालिकेने एक फलक लावायला सांगावे: गुळवेलीचा रस रोज घेण्यासाठी नाही. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवात गुळवेलीच्या पानांची भाजी मांडली जाते. श्रावणात एखाद-दोनदा खाल्लेली भाजी आणि रोजचा खोडाचा अर्क यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच टेबलावर खोड आडवे कापून चाक दाखवावे, शेजारी कडू कारंद्याचे पान ठेवावे. दहा मिनिटांत शंभर माणसे शिकून जातील.

आणि नोंद. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१८ पासून आहे, तिचे मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. यकृत बिघडलेला रुग्ण समोर आला तर वैद्याने आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरानेही संशयित दुष्परिणाम म्हणून तो कळवायला हवा, आणि रुग्णाकडची उरलेली वेल, चूर्ण, बाटली फेकू न देता पिशवीत तारीख घालून ठेवायला सांगायला हवी. २०२१ चा सगळा वाद या एका पिशवीवरून झाला. खाल्ले ते काय होते हे हाती असते, तर मंत्रालय आणि यकृततज्ज्ञ यांच्यात दोन वर्षे वाक्ये फेकण्याची वेळच आली नसती.

बाह्यरुग्ण विभागात केसपेपरवर विचारतात, ‘कुठली औषधं चालू आहेत?’ रुग्ण सांगतो, ‘काही नाही.’ तो खोटे बोलत नाही, गुळवेल त्याच्या लेखी औषधच नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत हा प्रश्न बदलून विचारायला हवा: ‘काका, सकाळी उठल्यावर उपाशीपोटी काय काय घेता? आणि कधीपासून?’